साठावं घर

दर पाच वर्षांनी वरून फॉर्मांचा गठ्ठा येतो आणि माझ्या पायांचे तुकडे पडायची वेळ येते. गावातल्या प्रत्येक घरी जायचं, दारात बसायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या: माणसं किती, कोण कोणाचं कोण, आणि स्वयंपाक एकत्र की वेगळा. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फॉर्मच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलंय की जे एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. एका छपराखाली दोन चुली पेटत असतील तर कुटुंबं दोन. भिंत आहे की नाही, बोलणं आहे की नाही, कोणाचा कोणावर जीव आहे की नाही, हे विचारायला त्या फॉर्मात जागाच ठेवलेली नाही.

मी इथल्या दवाखान्यातली नर्स. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक खाट, एक कपाट आणि मी. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, तेही रस्ता बरा असला तर. एकोणीस वर्षं मी या गावात आहे आणि गाव मला नुसतं ‘बाई’ म्हणतं. निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती आणि माझी एकच इच्छा होती, की ती अडीच वर्षं मला कोणी हलवू नये. गुडघे गेलेत. नवीन गाव, नवीन कुलूप, नवीन लोकांचे जुने आजार, हे आता माझ्याच्याने होणार नव्हतं.

फॉर्मात कुटुंबाच्या प्रकारासाठी चार चौकोन असतात. एकट्याचं, विभक्त, संयुक्त आणि इतर. ज्याने कोणी हे चार चौकोन काढले तो कधी कोणाच्या घरी जेवायला गेला नसावा. आमच्या सुताराचं घर घ्या. बाप आणि मुलगा यांचा छत्तीसचा आकडा. नऊ वर्षं एकमेकांशी शब्द नाही. पण एकाच फळीची दोन टोकं धरून दोघं दिवसभर काम करतात. बापाला रंधा हवा असला की तो सुनेला हाक मारतो, “त्याला सांग, रंधा दे.” मुलगा दोन हातांच्या अंतरावर उभा असतो. सून घरातून ओरडते, “रंधा द्या.” मग रंधा मिळतो. जेवण तिघांचं एकत्र, तेव्हा फॉर्ममध्ये हे संयुक्त कुटुंब.

पलीकडे दोन बहिणी राहतात, एक लग्नाची, एक बिनलग्नाची, आणि मध्ये लग्नाचीचा नवरा. कुटुंबप्रमुख कोण, असं मी त्याला विचारलं तर तो बराच वेळ विचारात पडला आणि मग आत तोंड करून त्याने दोघींना विचारलं. शिंपीणबाईंच्या घरी सासू आणि सून अशा दोघीच. मुलगा दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला, तेव्हा शिंपीणबाईंनी सून ठेवून घेतली आणि मुलाचं नाव टाकलं. माझ्या मते गावातलं सगळ्यात पक्कं घर ते. फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी खूण करायची ती ‘इतर’वर.

आणि माझं स्वतःचं घर. एकट्याचं. तो फॉर्म भरायला अर्धं मिनिट पुरतं, आणि दर वेळी मी तो सगळ्यात शेवटी भरते.

त्या वर्षी सगळे फॉर्म भरून झाल्यावर मी मोजले. एकोणसाठ. पुन्हा मोजले, तरी एकोणसाठच. गेल्या खेपेला सदुसष्ट होते. मधल्या काळात काही घरं गाव सोडून गेली, काही म्हातारी माणसं गेली आणि त्यांच्या मागे दाराला कुलपं लागली. गठ्ठ्याबरोबर जे पत्र आलं होतं त्यात मात्र स्पष्ट लिहिलं होतं, की साठाहून कमी कुटुंबं असलेल्या गावांतले दवाखाने बंद करून मोठ्या गावच्या दवाखान्यात मिळवले जातील. मोठं गाव इथून दोन बस बदलून. त्यातली पहिली बस तिच्या मर्जीने येते.

आता हे कोणाच्या मुळावर येणार होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या लोहाराला साखरेचा आजार. वर्षापूर्वी त्याच्या डाव्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. तेव्हापासून एक दिवसाआड तो माझ्याकडे येतो. मी जखम धुते, औषध लावते, पट्टी बदलते. मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला समोर बसवून सांगितलं होतं की आठ दिवस हयगय झाली तर पाय घोट्यातून जाईल. भट्टीपुढे उभं राहून काम करणारा माणूस तो. आणि त्या पायाने, एक दिवसाआड, दोन बसचा प्रवास करणं म्हणजे पाय जायच्या आधी माणूसच जायचा.

लोहाराचं घर सहा माणसांचं. तो, त्याची बायको, त्यांच्या शाळेत जाणाऱ्या दोन मुली, आणि त्याचा धाकटा भाऊ व भावाची बायको. धाकटा दूध गोळा करायची गाडी चालवतो. त्या दोघांना मूलबाळ नाही. या दोघी जावांना गाव ‘मोठी’ आणि ‘धाकटी’ म्हणूनच ओळखतं. बावीस वर्षं त्या एका स्वयंपाकघरात वावरल्या आणि बावीस वर्षांत कोणी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नाही. गावातल्या सासवा नव्या सुनांना या दोघींचा दाखला द्यायच्या, इतका की सुनांच्या डोक्याला ताप व्हायचा.

गावप्रमुखाच्या घरी आम्ही जमलो. मी, तो, सुतार, शिंपीणबाई आणि लोहाराचा धाकटा भाऊ. एक कुटुंब कमी आहे, तर एक कुटुंब वाढवायला हवं, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. बाहेरून माणसं आणून बसवता येणार नव्हती. मग असलेल्यातलंच एखादं घर कागदावर फोडायचं. दुसरी चूल मांडायची, तपासणी होईपर्यंत ठेवायची, आणि साहेबाची पाठ वळली की उचलायची. कोणाचं घर, एवढाच प्रश्न होता.

सुतार लगेच पुढे सरसावला. म्हणाला, कागद कशाला, मी आजच त्याला बाहेर काढतो. तेव्हा त्याचं घर बाद झालं. मी त्यांना समजावलं की ज्या घरात आधीच तडा आहे तिथे हात लावायचाच नाही. चूल एकदा वेगळी झाली तर ती परत एक होणार नाही. फोडायचं असलं तर असं घर फोडा, जे फोडूनही फुटणार नाही. आणि मी लोहाराच्या घराचं नाव घेतलं. हे माझंच डोकं, दुसऱ्या कोणाचं नव्हे. सगळे हसले. गावप्रमुख म्हणाला, “बाई, त्या दोघींना वेगळं करायला करवत लागेल.” धाकटा भाऊही हसला. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हेही सांगून टाकते.

मोठीला विचारायला मी गेले तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणाली. नवऱ्याच्या पायासाठी तिने घरच काय, डोंगर फोडला असता. मागच्या खोलीत भंगार आणि कोळशाची पोती होती, ती धाकट्या दिराने हलवली, भिंतींना चुना मारला. शेगडी कुठून आणायची, तर दवाखान्यात माझी औजारं उकळायची एका बर्नरची शेगडी होती, ती मी दिली. भांडी मोठीने स्वतः निवडली. बुडाचे चांगले होते ते टोप तिने धाकटीला दिले, पोचे आलेले स्वतःकडे ठेवले. “नाटक करायचंच तर नीट करू,” म्हणाली. मग धाकटीला चिडवायला लागली, की आता एकटी पडशील गं, करपायला लागलं तर हाक मार, मी धावत येते. दोघी हसून हसून जमिनीवर बसल्या. मीही त्यांच्यात बसले. असं हसणं माझ्या वाट्याला फारसं येत नाही.

तपासणीचा साहेब जाडा होता आणि सकाळपासून उन्हातून फिरून अर्धमेला झालेला होता. त्याने बाकीच्या घरांना नुसतं हात लावल्यासारखं केलं, पण नव्या चुलीपाशी तो थांबला. अशी दोन-चार गावं त्याने आधी पाहिली असावीत. त्याने शेगडीखाली वाकून पाहिलं, टोपावरचं झाकण उचललं. आत खरोखरच भात होता. शेजारी बटाट्याची भाजी होती. धाकटीने सकाळीच करून ठेवलं होतं, नाटक नीट व्हावं म्हणून. साहेबाने वास घेतला आणि नको नको म्हणत पानावर बसला. जेवला. मग परत वाढून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला, कारण पोट भरलेला साहेब फार खोलात जात नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे.

हात धुताना तो धाकटीला म्हणाला, “तुमच्या हाताला चव आहे हो, बाई.”

मी तिच्याकडे पाहिलं ते सहज. ती चेहऱ्यावर काही येऊ न देता उभी होती, पण तिने ते ताट उचललंच नाही. बराच वेळ ती त्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिली. मला वाटलं, घाबरली असेल.

फॉर्मावर साठ आकडा पडला. साहेब गेला. मोठीने त्याच संध्याकाळी सहा माणसांचा स्वयंपाक केला आणि मागच्या दाराशी जाऊन हाक मारली. धाकटी म्हणाली, ताई, साहेब परत यायचा एखादे वेळी, दोन दिवस राहू दे. मोठीला ते पटलं. दोन दिवसांनी तिने पुन्हा हाक मारली. धाकटी म्हणाली, गावात कोणी चुगली केली तर? आठवडा जाऊ दे. आठवडा गेला. मोठी रोज सहांचं करत होती आणि दोघांचं दुसऱ्या दिवशी शिळं खात होती.

हे सगळं मला ती लोहाराच्या पट्टीच्या वेळी थोडं थोडं सांगायची, आधी हसत, मग नुसतंच. माझं लक्ष पायाकडे असायचं. जखम भरत होती. कडा गुलाबी झाल्या होत्या आणि मला त्याचा आनंद होता. मी तिला म्हटलं की येईल गं, तिला जरा मोकळं वाटत असेल, चार दिवस मिरवू दे. इतकं सोपं मी ते घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात मला माझी शेगडी हवी होती. औजारं उकळायला मी शेजारणीकडे किती दिवस जाणार. दुपारी मी लोहाराच्या घरामागे गेले. धाकटीने शेगडी काढून दिली. घासून, पुसून, नळीसकट कागदात गुंडाळून. आणि तिच्या मागे ओट्यावर नवी कोरी शेगडी होती, दोन बर्नरची. तिच्या नवऱ्याने दुधाच्या गाडीतून आणली होती. 

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. म्हटलं, हे काय चाललंय. तुमचं काही बिनसलंय का? मोठीने काही दुखावलं का तुला? धाकटी कांदा चिरत होती, चिरतच राहिली.

“ताईंशी माझं काही भांडण नाही,” ती म्हणाली. “कधी वाकडा शब्द त्या बोलल्या नाहीत मला. पण बावीस वर्षं मी सोललं, निवडलं, चिरलं, घासलं. मीठ त्यांनी घातलं. चाखून त्यांनी बघितलं. मला धग लागू नये म्हणून मला चुलीपुढे बसू दिलं नाही. बाई, मी चव्वेचाळीस वर्षांची झाले. मला स्वतःला मीठ किती लागतं ते मला माहीत नव्हतं.”

मी म्हटलं, मग तिला तसं सांग की. एका दिवशी तू कर, एका दिवशी ती करेल. ती म्हणाली, सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं, आणि मग मागे उभं राहून बघितलं असतं. हे बोलताना तिला हसू आलं, आणि मलाही आलं, कारण ते अगदी खरं होतं. मोठी तशीच आहे. माझ्या दवाखान्यात बसून ती माझी पट्टी नीट बांधली गेली की नाही तेही बघते.

“तिकडे ती रडते गं,” मी म्हटलं.

“मलाही येतं रडू,” धाकटी म्हणाली. “पण शेगडी बंद करावीशी वाटत नाही.”

शेगडी काखेत मारून मी परत आले. वाटेत मला सगळ्यांचाच राग येत होता. फॉर्म काढणाऱ्याचा, साहेबाचा, त्याच्या जिभेचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मी तडा शोधला तो आवाजावरून. जिथे आवाज नाही तिथे तडा नाही, असं धरून चालले. एकोणीस वर्षं मी लोकांचे आजार बघते, न दुखणारी गाठच जास्त वाईट असते हे मला माहीत आहे, आणि तरी मला हे सुचलं नाही.

पुढच्या पट्टीच्या दिवशी मोठीने नवऱ्याला बाहेर बाकावर बसवलं आणि एकटी आत आली. धाकटीकडच्या नव्या शेगडीचं तिला कळलं होतं. मुलींनीच सांगितलं होतं, कारण मुली आता शाळेतून आल्या की आधी मागच्या खोलीत जात, तिथलं चार घास खात, आणि मग पुढे आईकडे येत.

“फॉर्म दुरुस्त करा, बाई,” ती म्हणाली. “एक घर लिहा.”

मी तिला समजावलं की फॉर्म वर गेलेत, ते आता माझ्या हातात नाहीत. एक घर कमी झालं की दवाखाना गेला. ती ऐकत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की कागदासाठी धाकटी पलीकडे गेली, तर कागदासाठीच परत येईल. कागदावर एक चूल झाली की दुसरी चूल ठेवायला कारणच उरणार नाही. मी सांगितलं की तीन महिन्यांनी दुसरी तपासणी आहे, तोवर गप्प राहा. तर म्हणाली, “मग तपासणीवाल्यांनाच सांगेन. खोटं होतं म्हणून सांगेन. खरं बोलायला मला कोणाची भीती?”

मी चिडले. दमलेल्या माणसाचा राग वाईट असतो, तो नेमका तिथेच लागतो. मी म्हटलं, “आणि पाय?”

बाहेर बाकावर लोहार कोणाशी तरी विळ्याच्या धारेबद्दल बोलत होता. तिने त्याला आत बोलावलं, त्याचा पाय स्वतः उचलून स्टुलावर ठेवला, आणि मी पट्टी सोडेपर्यंत भिंतीकडे बघत उभी राहिली. मला स्वतःची लाज वाटली. तिला हवं होतं ते फार नव्हतं. तिला तिची जाऊ परत हवी होती. आणि ती परत आणायचा तिच्यापाशी असलेला एकमेव रस्ता तिच्या नवऱ्याच्या पायावरून जात होता, आणि तो रस्ता मीच आखला होता.

ते तीन महिने कसे गेले ते मला विचारू नका. मोठी रोज दोनदा निर्णय बदलत असावी. पट्टीला आली की कधी म्हणायची, सांगणारच. कधी काहीच बोलायची नाही. धाकटीचं मिठाचं बोलणं मी तिच्या कानावर घातलं होतं, तर एकदा म्हणाली, मी भाजी आळणी करून बघितली, ताटात प्रत्येकाने आपलं मीठ घ्यावं म्हणून, पण धाकटीला ते कळवायचं कसं? मागच्या खोलीत ती जात नव्हती. आधी कोणी बघेल म्हणून गेली नाही, मग जायचं राहिलं, आणि मग जाणं अवघड झालं. दोघी विहिरीवर भेटायच्या, मुलींच्या अभ्यासाचं बोलायच्या, पायाचं बोलायच्या. लोहार तर मधल्या मध्ये अवघडून गेला होता. एकदा पट्टी बांधताना तो मला हळूच म्हणाला की दोन्हीकडचं जेवण चांगलं असतं, पण हे कोणाला सांगायची सोय नाही.

दुसऱ्या तपासणीला एक तरुण मुलगी आली. पायात बूट, हातात ते बोटाने चालवायचं यंत्र. जाड्या साहेबासारखी ती कोणाकडे जेवणाऱ्यातली नव्हती. तिने सांगितलं की नव्या नोंदलेल्या कुटुंबांत दोन्ही चुलींना वेगवेगळं विचारायचा नियम आहे, आणि मी बरोबर असले तरी मध्ये बोलायचं नाही. आम्ही लोहाराच्या पुढच्या खोलीत शिरलो. लोहार पाय स्टुलावर ठेवून बसला होता. मोठी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मुलीने नावं, वयं विचारली. घरात माणसं किती? मोठी म्हणाली, चार. मग मुलीने यंत्रावरून मान वर केली.

“या घरात स्वयंपाक किती ठिकाणी होतो?”

मुलीला वाटलं मोठीला ऐकू आलं नाही, म्हणून तिने परत विचारलं. तेवढ्यात मागच्या खोलीत तेलात कांदा पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धाकटीचं गुणगुणणं. कुठलं गाणं होतं ते काही कळलं नाही. मी एकोणीस वर्षांत धाकटीला गाताना ऐकलं नव्हतं. मोठीने ऐकलं असेल असंही मला वाटत नाही, कारण तिने मान वळवली आणि त्या दिशेने बघत राहिली. लोहाराने आपल्या पायाकडे बघितलं नाही. त्याने जमिनीकडे बघितलं. त्याचे उपकार मानावेत असं मला त्या क्षणी वाटलं.

“दोन,” मोठी म्हणाली.

“नक्की? एकमेकींकडे जेवता का?”

“नाही.”

“मग वेगळं व्हायचं कारण काय? भांडण, वाटणी, जागा कमी, इतर. यातलं एक सांगा.”

मोठी एकदम ताठ उभी राहिली. “भांडण लिहायचं नाही,” ती म्हणाली. “कधीच झालेलं नाही. ते तिथे दिसता कामा नये.”

मुलीने खांदे उडवले आणि ‘इतर’वर बोट ठेवलं. मग ती मागे धाकटीकडे जाऊन आली, पाच मिनिटांत परतली, आणि पुढच्या गावाला निघून गेली. गावप्रमुखाने मला रस्त्यात गाठून दोनदा अभिनंदन केलं. दवाखाना राहिला. पाय राहिला. माझी अडीच वर्षं, तोवर सव्वादोन झालेली, तीही राहिली. मला हायसं वाटायला हवं होतं. मला फक्त कुठेतरी बसावंसं वाटत होतं.

मी परत लोहाराच्या घरी गेले, कारण तो पट्टीचा दिवस होता आणि तपासणीत त्याची दवाखान्यात यायची वेळ टळून गेली होती. पट्टी बांधून झाली. मोठीने हात धुतले, केस नीट केले. आरशात बघितलं. मला म्हणाली, “जरा माझ्याबरोबर मागे येता?”

मी विचारलं नाही कशाला. आम्ही घराला वळसा घालून गेलो, आतल्या दाराने नाही. मागचं दार अर्धं उघडं होतं, तरी मोठीने थांबून कडी वाजवली. धाकटी बाहेर आली. मोठीला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला. तिने स्टूल पुढे ओढलं, हाताने पुसलं.

“या ना, ताई. बसा.”

मोठी बसली. खोली चांगली लावली होती. फळीवर टोप उतरत्या क्रमाने नव्हते, जसे मोठी लावते. धाकटीने ते हाताशी येतील तसे ठेवले होते. मोठीची नजर त्यांच्यावरून फिरली आणि तिने ती आवरली, ते मी पाहिलं. धाकटीने पायाचं विचारलं. बरा आहे, मोठी म्हणाली. मुलींची परीक्षा कधी आहे, धाकटीने विचारलं, तिला ते माहीत असणारच होतं. मोठीने सांगितलं. शेगडीवर भाजी शिजत होती. मोठीने एकदाही भाजीकडे बघितलं नाही. हे तिला किती जड गेलं असेल ते मी सांगू शकते.

“पाणी देऊ, ताई?” धाकटी म्हणाली.

“दे.”

तिला तहान नव्हती. तरी तिने ते सावकाश, सगळं प्यायलं. मग भांडं हातात घेऊन ती उठली, फळीकडे वळली, आणि मध्येच थांबली. बावीस वर्षं ज्या घरातलं प्रत्येक भांडं तिने डोळे मिटून जागेवर ठेवलं होतं, त्या घरात ती उभी राहिली आणि तिने विचारलं, “हे कुठे ठेवू गं?”

“राहू द्या,” धाकटी म्हणाली, “मी ठेवते.”